दुखण्याला मुहूर्त



किल्लारीत वंदनेनंतर एक वृद्ध उपासिका माझ्याजवळ बसली. पायाच्या अंगठ्याला जखम होती, अंगात साखरेचा आजार. दवाखान्याचे विचारताच म्हणाली, "भंते, सोयाबीनची रास होऊ द्या, मग दाखवते."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. हातावर पोट असलेल्याला सुगीतला एक दिवस उन्हाळ्यातल्या चार दिवसांहून मोलाचा असतो. परंतु ती आजची मजुरी रुपयांत मोजत होती आणि पुढचे दुखणे मोजतच नव्हती. मधुमेहात पाय बधिर होतो; जखम ठणकत नाही, म्हणून ती लहान वाटते, आणि आत सडत जाते. पाय गेल्यावर किती सुग्या बुडतील, हा आकडा हिशेबात आलाच नव्हता. आपण पंचांगातला मुहूर्त टाकून दिला, पण दुखण्यासाठी मात्र मुहूर्त काढत बसतो!

तथागतांनी तारुण्याचा, आरोग्याचा आणि जीविताचा असे तीन मद सांगितले. व्याधी होणार हे सर्वांनाच ठाऊक असते. ती आत्ताच होणार नाही असे धरून चालणे, हाच माझ्या मते आरोग्यमद होय.

किल्लारीला हे समजावून सांगावे लागू नये. १९९२ च्या ऑक्टोबरपासून येथे धक्के बसत होते. लोक भ्याले, पुढे सवय झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगड-मातीच्या भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. दोष त्यांना कोण देईल? गरिबाने घर सोडून जावे कोठे?

कोणी म्हणतात, बाबासाहेबांनी तरी देहाची पर्वा कोठे केली? खरे आहे, ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही ते ग्रंथाच्या प्रस्तावनेवर काम करीत होते. पण त्याच बाबासाहेबांनी मधुमेहावर वर्षानुवर्षे उपचार घेतले, हे आपण सोयीने विसरतो.

अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले. तो आपल्या उपयोगी पडत नाही, म्हणून इतर भिक्खूंनी त्याला सोडले होते. तथागतांनी संघाला बजावले की, येथे तुम्हांला आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे.

ही कथा त्या सायंकाळी सांगितली. उपासिकेला मी उपदेश केला नाही. तिला तो नको होता, मजुरी हवी होती. शेजारच्या दोन घरांनी सावड धरली, तिच्या वाटणीची काढणी उचलली आणि दुसऱ्या दिवशी सून तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.