दत्तप्रभूंच्या पायाशी बसलेले चार श्वान

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमा आली की कारंज्याच्या गुरुमंदिरापासून ते आपल्या गल्लीतल्या लहानशा दत्ताच्या देवळापर्यंत सगळीकडे एकच गजबज असते. सप्ताह बसतो, गुरुचरित्राची पारायणे होतात, सायंकाळी पाळणा हलतो आणि मग महाप्रसादाच्या पंगती उठतात. या गर्दीत आपण मूर्तीपुढे उभे राहतो. तीन शिरे, सहा हात, पाठीशी गाय आणि पायाशी चार कुत्रे. गाय म्हणजे पृथ्वीमाता आणि चार कुत्रे म्हणजे चार वेद, हे आपण आजी-आजोबांच्या तोंडून ऐकत आलो. तो अर्थ खराच आहे. पण एक विचार मनात आणून पाहा. वेदच दाखवायचे होते तर चार पोथ्या दाखवता आल्या असत्या, चार ऋषी बसवता आले असते. मग कुत्राच का निवडला?

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले. पृथ्वी आहे, वारा आहे, कबुतर आहे, अजगर आहे, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, कोळी, सगळे आहेत. त्या यादीत कुत्रा नाही. यादीत नाही, पण जवळ आहे. बाकीचे गुरू अवधूताने पाहिले, त्यांच्याकडून शिकवण घेतली आणि तो पुढे गेला. कुत्रा मात्र त्याच्याबरोबर चालत राहिला. बहुतेक तसबिरींत पाहा, त्या श्वानांच्या गळ्यात साखळी नसते. कोणी बांधून ठेवलेले नाही, तरी ते पाय सोडत नाहीत. न बांधता टिकते तिला निष्ठा म्हणतात. वेदही असाच, तो मारून मुटकून कोणाच्या गळी उतरत नाही.

आता हीच मूर्ती पाहून आपण बाहेर येतो, चपला घालतो, आणि पायरीशी अंग आक्रसून बसलेल्या कुत्र्याला म्हणतो, "हाड!" कोणी दगड उचलतो, सेवेकरी काठी आपटतो. एखादी म्हातारी मग बोलते, "काऊन मारता रे त्या मुक्या जिवाले? त्यानं तुमचं काय खाल्लं?" म्हातारीचा हा प्रश्न फार जुना आहे. महाभारताची कथा जवळपास याच प्रश्नाने सुरू होते.

आदिपर्वात जनमेजय राजा कुरुक्षेत्रावर दीर्घ सत्र करत असतो. तेथे सरमा या देवशुनीचे पिल्लू येते. राजाचे तीन भाऊ त्याला बडवून काढतात. पिल्लू रडत आईकडे जाते. आई विचारते, "तू काही केले असशील." ते म्हणते, "मी हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही." तेव्हा सरमा यज्ञमंडपात येऊन विचारते, "माझ्या लेकराचा अपराध काय?" कोणी उत्तर देत नाही. ती म्हणते, "निरपराध्याला मारलेत, तुमच्यावर न दिसणारे भय येईल." एवढा मोठा राजा त्या शब्दाने हादरला आणि शाप निवारणारा पुरोहित शोधत फिरला.

न दिसणारे भय! हा शब्द नीट ध्यानात ठेवा. पुराणातला शाप म्हणून सोडून देऊ नका. ज्या कुत्र्याला रोज दगड बसतो त्याच्या मनात माणसाचे भय बसते. भ्यालेला कुत्रा एक तर पळतो, नाहीतर चावतो. दगड मारणारा धट्टाकट्टा माणूस निघून जातो आणि चावा बसतो तो शाळेतून येणाऱ्या लेकराला, नाहीतर पहाटे काकडआरतीला निघालेल्या आजोबांना. मारले एकाने, भोगले दुसऱ्याने. सरमेचा शाप आजही असाच फळतो.

त्याच महाभारताच्या शेवटी काय आहे? धर्मराज हिमालय चढतो. द्रौपदी पडते, भाऊ पडतात, बरोबर उरतो एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही, त्याला सोड. धर्मराज म्हणतो, जो माझ्या आश्रयाला आला त्याला सोडून मला स्वर्ग नको. आणि तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म निघतो. सुरुवातीला दारातून हाकललेले पिल्लू, शेवटी स्वर्गाच्या दारात परीक्षा घेणारा श्वान. व्यासांनी एवढ्या मोठ्या ग्रंथाला ही दोन टोके दिली आहेत.

गुरुचरित्राचे पारायण करणाऱ्यांना तंतुकाची कथा आठवत असेल. श्रीगुरू त्याला शिवरात्रीचे महत्त्व सांगताना विमर्षण राजाची गोष्ट सांगतात. हा राजा मागच्या जन्मी पंपानगरात कुत्रा होता. शिवरात्रीला काहीतरी खायला मिळेल म्हणून देवळाशी आला. लोक मारायला धावले. पळता पळता त्याच्या देवळाभोवती प्रदक्षिणा झाल्या, पूजा नजरेस पडली आणि तेथेच त्याचा प्राण गेला. पुढच्या जन्मी तो राजा झाला. आपण ही कथा वाचतो आणि शिवरात्रीचे पुण्य लक्षात ठेवतो. पण त्या कथेत हातात काठी घेतलेली माणसेही आहेत. तीही देवदर्शनालाच आली होती. त्यांचे पुढे काय झाले, हे कथा सांगत नाही. ते आपण आपल्याला विचारायचे.

कोणी म्हणेल, "महाराज, गोष्टी गोड आहेत, पण ज्याच्या पोराला कुत्रा चावला त्याला जाऊन सांगा." अगदी रास्त बोलणे आहे. दया करायची ती डोळे उघडे ठेवून. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणारा रेबीज हा रोग एकदा लक्षणे दिसू लागली की जवळजवळ नेहमीच प्राण घेतो. आपल्या वऱ्हाडातल्या घराघरांत वाचल्या जाणाऱ्या गजानन विजय ग्रंथात भास्कर पाटलांना पिसाळलेला कुत्रा चावल्याचा प्रसंग आहे. भास्करांनी सगळा भार महाराजांवर टाकला. ती निष्ठा भास्करांची, आणि तो काळही वेगळा. पाश्चर यांनी पहिली लस माणसाला दिली ती १८८५ साली. आज सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. दारात आलेले औषध नाकारून "महाराज पाहून घेतील" म्हणणे ही भक्ती होत नाही. महाराजांनीच ते औषध पाठवले असे समजावे.

म्हणून कुत्रा किंवा मांजर चावले, ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. चुना, हळद, मिरची, तेल काही लावू नका. लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टर सांगतील तितकी सगळी इंजेक्शने घ्या, मधेच सोडू नका. नातवंडांनाही शिकवा. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळ बसलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही. कुत्रा अंगावर आला तर पळायचे नाही, झाडासारखे उभे राहायचे.

आता आपल्या मातीतल्या संताकडे वळू. दत्तजयंतीच्या आगेमागे २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी येते. बाबांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. लहानपण गेले मूर्तिजापूर तालुक्यात, दापुऱ्याला मामाच्या घरी, गुरे राखण्यात. मुक्या जिवांची भाषा त्यांना तिथेच कळली. पुढे जत्रेजत्रेत उभे राहून त्यांनी बकऱ्या-कोंबड्यांचे बळी थांबवायला सांगितले. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी असा त्यांचा जो दशसूत्री संदेश आहे, त्यात मुक्या प्राण्यांना अभयही आहे. शब्द पाहा, अभय. सरमेने दिलेल्या भयावर बाबांचा हा उतारा.

बाबांच्या हातात काय होते? खराटा. त्या खराट्याचा आणि कुत्र्यांचा संबंध फार जवळचा आहे. महाप्रसाद झाला की पत्रावळी, द्रोण, उरलेला भात आपण देवळामागे ढिगाने टाकतो. वासाने पंचवीस कुत्री गोळा होतात, आपसात भांडतात, येणाऱ्या-जाणाऱ्यावर धावतात. मग आपणच म्हणतो, कुत्र्यांचा त्रास फार वाढला. त्रास कुत्र्याने वाढवला की आपल्या ढिगाऱ्याने? पंगत उठली की दोन घटकांत जागा साफ करणे ही माणसांची सेवा आहे आणि कुत्र्यांचीही.

खाऊ घालण्यातही विवेक पाहिजे. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणा, मनुका कुत्र्याला विषासारखा बाधू शकतो. कांदा-लसणाची भाजीही त्याला वाईट. साधी भाकर, बिनमसाल्याचा भात आणि स्वच्छ पाणी पुरे. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही, त्यांनाही वाटीभर पाणी ठेवा. वऱ्हाडचे ऊन तुम्हाला ठाऊक आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपर्यंत चढतो तेव्हा दारातली पाण्याची मातीची कुंडी हीच खरी पूजा. खाऊ घालायची जागा मात्र दारात, जिन्यात किंवा लेकरे खेळतात तिथे नको. एका बाजूला, ठरलेल्या वेळी.

आणि सगळ्यात मोठी सेवा कोणती, तर लस आणि नसबंदी. काही वडीलधारे म्हणतात, नसबंदी करणे म्हणजे देवाच्या सृष्टीत हात घालणे, ते पाप. विचार करा. कुत्रीला साधारण दोन महिन्यांत पाच-सहा पिल्ले होतात. त्यांतली किती महामार्गावर ट्रकखाली जातात, किती पावसात, किती उपाशी? जन्माला येऊन असे मरण्यापेक्षा तो जन्म टळावा, यात दया आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे हे काम नगरपालिका, महापालिका आणि ग्रामपंचायतींकडे आहे. शस्त्रक्रिया करून, लस देऊन, कानाला खूण करून कुत्रा त्याच्या जागी परत सोडतात. उचलून दूर नेऊन टाकले तर रिकाम्या जागेत नवीन, लस नसलेली कुत्री येतात. गावातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळत राहिली तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अकोल्याला पशुवैद्यक शास्त्राची मोठी संस्था आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी पशुसर्वचिकित्सालय आहे. देवस्थानाने दत्तजयंतीच्या निमित्ताने वर्षातून एक लसीकरण शिबिर ठेवले तर चार वेदांची यापेक्षा सुंदर पूजा कोणती?

सज्जनहो, आपण त्यांना काय देतो हे झाले. ते आपल्याला काय देतात? परिचारिकांची आद्य गुरू फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने १८५९ च्या सुमारास लिहून ठेवले की दीर्घकाळ अंथरुणावर पडलेल्या रोग्याला लहानसा पाळीव प्राणी फार चांगली सोबत असतो. पुढे अमेरिकेत बोरिस लेव्हिन्सन या मानसशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की कोणाशी न बोलणारे मूल त्याच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याजवळ मोकळे होते. १९६० नंतरच्या दशकात त्याने यावर लिहिले आणि उपचाराला मदत करणाऱ्या कुत्र्यांची रीत जगभर रुजली. आपल्या महाराष्ट्रातही असे शिकवलेले कुत्रे आहेत. मुंबईच्या विमानतळावर प्रवाशांचा ताण उतरावा म्हणून त्यांना आणतात. विशेष मुलांच्या शाळांत, वृद्धाश्रमांत त्यांचा उपयोग होतो. हे कुत्रे शांत स्वभावाचे निवडलेले, लस घेतलेले आणि जाणकार माणसाच्या सोबत असतात. ज्याला भीती वाटते त्याच्यावर ते लादायचे नाहीत, आणि कुत्रा स्वतः थकला तर त्यालाही विश्रांती द्यायची, हा त्यातला नियम.

यात चमत्कार नाही, औषधाची जागाही कुत्रा घेत नाही. पण आपल्या घरांकडे पाहा. मुलगा पुण्याला, मुलगी परदेशी, घरात दोघे म्हातारे, आणि पुढे त्यांतलाही एकच उरतो. दिवसभरात नावाने हाक मारणारे कोणी नाही. अशा वेळी दारातले एखादे मांजर पायाला अंग घासते, कुत्रा शेपूट हलवत फाटकापर्यंत येतो. तो तुमचे पेन्शन विचारत नाही, तुमची जात विचारत नाही, कालची गोष्ट तुम्ही तिसऱ्यांदा सांगितली तरी कंटाळत नाही. त्याच्या निमित्ताने माणूस उठतो, चार पावले चालतो, कोणासाठी तरी भाकर मोडतो. माझी कोणाला तरी गरज आहे, ही जाणीव म्हातारपणी मोठे बळ देते.

गीतेत भगवंतांनी विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती आणि कुत्रा यांना एका ओळीत बसवले आणि म्हटले, जाणता त्याला समजावा जो यांच्यात सारखेच पाहतो. गाभाऱ्याचे सोवळे-ओवळे तुमच्या देवस्थानाच्या रीतीप्रमाणे पाळा, त्याला कोणाची हरकत नाही. पण अंगणातली काठी तेवढी खाली ठेवा. त्याला बाहेर न्यायचे तर भाकरीचा तुकडा दाखवून नेता येते.

या दत्तजयंतीला एवढेच नेम घ्या. दगड मारणार नाही आणि मारू देणार नाही. दारात पाणी ठेवीन. उष्टे उघड्यावर टाकणार नाही. आपल्या गल्लीतल्या निदान एका कुत्र्याच्या किंवा मांजराच्या लसीची आणि नसबंदीची व्यवस्था करीन. नातवाला हे सगळे शिकवीन. पारायणाची सांगता अशा नेमाने झाली तर पोथीत वाचलेले अंगणात उतरेल. अत्रिनंदन दत्तप्रभू अनसूयेच्या दारी भिक्षेकऱ्याच्या रूपाने आलेल्या तिघांतून प्रकटले. तो कोणत्या रूपात आपल्या दारी येऊन बसेल, कोणी सांगावे?

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥