गळती कोणाच्या खात्यात?

आपल्याकडच्या थोरामोठ्यांनी 'मी कोण?' या प्रश्नावर जेवढा विचार केला, त्याच्या शतांशाने जरी 'गळका व्हॉल्व कोणी दुरुस्त करायचा?' या प्रश्नावर केला असता, तरी संसारी माणसाचे मोठे कल्याण झाले असते. 'मी कोण?' हे न कळल्यामुळे कोणाचे काही अडत नाही. आमच्या बँकेत तर ते पासबुकाच्या पहिल्याच पानावर छापलेले असते. पण संडासात रात्रंदिवस बारीक 'सुर्रर्र' चालू असेल, तर भल्याभल्यांची समाधी भंगते.

त्यातून वस्तू जुनी असेल तर माणूस समजून घेतो. जुने नळ गळायचेच, जुने गुडघे दुखायचेच. परंतु ताबा मिळून पुरता महिना न झालेल्या फ्लॅटमधली, अंगावरचा प्लास्टिकचा कागदही अजून न निघालेली फ्लशची टाकी गळू लागली, की प्रश्न प्लंबिंगचा राहत नाही, नीतिशास्त्राचा होतो. नव्या वस्तूने निदान गृहप्रवेशाचे पेढे संपेपर्यंत तरी सचोटीने वागावे, एवढी माफक अपेक्षा असते.

आमच्या टाकीची रचना सरळ आहे. एका बाजूला पाणी आत घेणारा कॉक, तो फ्लोट वर आला की बंद होतो. मधोमध, टाकीच्या तळाला एक भोक, आणि त्या भोकावर बसलेला रबरी वायसरचा व्हॉल्व. बटण दाबले की व्हॉल्व उचलला जातो, पाणी खाली जाते, व्हॉल्व पुन्हा जागेवर बसतो. 'बसतो' हे कंपनीचे म्हणणे. आमचा बसत नव्हता. लोकलमधल्या चौथ्या सीटवरच्या माणसासारखा नुसता टेकत होता. पाणी झिरपायचे, पातळी उतरायची, फ्लोट खाली यायचा, कॉक उघडायचा, आणि टाकी पुन्हा भरायची. टाकी स्वतःच्या कर्तव्यात कुठेही कसूर करीत नव्हती, हीच तर गंमत. तुटलेली वस्तू ओरडून सांगते. गळणारी वस्तू कामावर वेळेवर येते, सही करते आणि दिवसभर गळत राहते. (अशी माणसे आमच्या शाखेत आहेत. नावे सांगत नाही.)

गळती आहे की भास, हे ओळखायची रीत सोपी आहे. टाकीत खाण्याचा रंग थोडा टाकायचा आणि पंधरा-वीस मिनिटे फ्लश करायचा नाही. खाली भांड्यात रंग उतरला, की गळती सिद्ध. आम्ही जिलबीचा केशरी रंग घातला. सौ.चे म्हणणे पडले की आता या रंगाची जिलबी जन्मात गोड लागणार नाही. पण पुरावा मिळाला.

पुरावा घेऊन मी बिल्डरच्या कार्यालयात फोन केला. त्यांचे म्हणणे, फिटिंग प्लंबिंगच्या ठेकेदाराचे. ठेकेदार म्हणाला, "साहेब, माल कंपनीचा." कंपनीची बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाली की पाण्यात कचरा असेल तर हमी लागू नाही. पाणी महापालिकेचे, आणि महापालिकेचे पाणी धरणातून येते, धरणात पावसाचे येते. म्हणजे आमच्या टाकीचा दोष तीन फोनांत वरुणराजापर्यंत पोचला. वेदान्तातही आदिकारणापर्यंत जायला याहून जास्त वेळ लागत असावा.

आता मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. १९३० च्या माल विक्री कायद्यातले 'घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे' हे तत्त्व मी परीक्षेत पाच गुणांसाठी लिहिलेले आहे. परंतु फ्लॅट घेताना फ्लशच्या टाकीत डोके घालून कोण बघतो? शिवाय नवा कायदा ग्राहकाच्या बाजूचा आहे. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कारागिरीत दोष दिसला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, एक पैसा न घेता दूर करायचा आहे. तेव्हा दोष कोणाचा, हे ठरलेले आहे. माझा नाही. हे मी अगदी छातीठोकपणे, शपथेवर सांगू शकतो. अडचण एवढीच, की माझ्या शपथेने व्हॉल्व गळायचा थांबत नाही.

मग मी हिशेब मांडला. कारकुनाला दुसरे सुचते काय? टाकीचा कॉक बंद केला, पातळीवर पेन्सिलची खूण केली, आणि तासाभराने उतरलेले पाणी मोजून भरले. दीड लिटर. म्हणजे दिवसाला ३६ लिटर, वर्षाला १३ हजार १४० लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी द्यावे, असा सरकारी मापदंड आहे. त्या हिशेबाने आमच्या घरात एक पाव माणूस कायमचा मुक्कामाला आला होता. न जेवणारा, न बोलणारा, फक्त संडासात बसून राहणारा पाहुणा! एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली गाडी गेली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. एका वाघिणीत पन्नास हजार. आमचा पाव पाहुणा चार वर्षांत एक अख्खी वाघिण फस्त करणार, आणि ढेकरसुद्धा देणार नाही.

आता खरी मेख ऐका. या वाघिणीचे पैसे मला पडतच नाहीत! सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीनुसार पाणीपट्टी वाटली जाते ती घरातल्या नळांची संख्या आणि आकार पाहून. पाणी किती वापरले याच्याशी संबंध नाही. माझा व्हॉल्व गळो वा न गळो, माझे बिल तेवढेच. म्हणजे दोष माझा नाही, खर्च माझा नाही, आणि बंद दाराआड चालले असल्यामुळे कोणी बघतही नाही. वाचकहो, नीतीचा प्रश्न याहून निर्भेळ स्वरूपात कुठे मिळेल? चोरी करू नये हे पटवायला पोलीस आहेत. पण जिथे चोर नाही, पोलीस नाही, साक्षीदार नाही, आणि नुकसान सगळ्यांत थोडेथोडे वाटलेले आहे, तिथे माणसाने का उठावे?

माझा एक मावसभाऊ अमेरिकेत, न्यू जर्सीत असतो. त्याने मागच्या वर्षी नवीकोरी कॅम्पर घेतली. कॅम्पर म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड. झोपायची सोय, ओटा, संडास सगळे आत. तिथल्या कमोडच्या तळाशी रबरी सीलचा व्हॉल्व असतो आणि त्यावर वाटीभर पाणी साठून राहावे लागते. ते पाणीच खालच्या टाकीतल्या वासाला अडवते. पहिल्याच सहलीत त्याचे ते पाणी तासाभरात झिरपून गेले आणि खालच्या टाकीने आपले अस्तित्व जाहीर केले. विक्रेत्याने दुरुस्तीसाठी सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली. फोनवर तो म्हणाला, "अरे, हमी आहे, पावती आहे, सगळं आहे. पण नाक माझं आहे ना!" त्याने त्याच संध्याकाळी हातमोजे चढवले, सीलच्या खाचेत अडकलेला कारखान्यातला प्लास्टिकचा कपटा काढला, आणि गळती बंद. पत्र मात्र त्याने विक्रेत्याला खरमरीत धाडले.

यावर तुम्ही म्हणाल, अमेरिकेत माणसे उद्योगी. मला तसे वाटत नाही. कॅम्परमध्ये गळलेले पाणी पायाखालच्या टाकीत साठते, आणि ती टाकी मालकालाच नळी लावून रिकामी करावी लागते. तिथे गळतीचे बिल नाकाला आणि कमरेला येते. आमच्याकडे ते सोसायटीच्या वार्षिक सभेत येते, आणि तिथे सगळे चहाची वाट बघत असतात. माणूस तोच, फक्त खाते वेगळे.

बँकेत आम्ही हा प्रश्न फार पूर्वी सोडवलेला आहे. संध्याकाळी कॅश जुळवताना काउंटरवर पाचशे रुपये कमी आले, तर ते ज्याच्या काउंटरवर कमी आले त्याने भरायचे. कोणी जास्त नेले, नोटा चिकटल्या होत्या का, याची चौकशी मागाहून होत राहते. पण तूट आज भरायची. याला कोणी अन्याय म्हणेल. आहेच तो थोडासा. पण दोषी सापडेपर्यंत तूट तशीच ठेवायची म्हटले, तर कुठल्याच बँकेला संध्याकाळी कुलूप लागणार नाही. दोष आणि जबाबदारी ही दोन निरनिराळी खाती आहेत, हे लेजरला कळते. माणसाला कळत नाही. माणूस दोन्ही एकत्र करून सस्पेन्स खात्यात टाकतो आणि वर्षानुवर्षे पुढे ओढतो.

आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींचा लेजरशी संबंध नाही. त्या कामाला आल्या, आवाज ऐकला, आणि जाताना टाकीचा कॉक पिळून बंद करून गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सौ.ने विचारले तर म्हणाल्या, "आमच्याकडं नळ वीस मिनिटं येतो वहिनी. ह्यो आवाज ऐकवत नाही." फ्लॅट त्यांचा नाही, पाणी त्यांचे नाही, बिल त्यांचे नाही, आणि वाचलेले पाणी त्यांच्या नळाला येणार, असेही नाही. मीमांसा सगळी माझ्याकडे होती. कॉक त्यांनी बंद केला.

असा आणखी एक माणूस आहे. 'बहादूर'चे जनक, 'ढब्बूजी'चे व्यंगचित्रकार आबिद सुरती. त्यांनी २००७ मध्ये मीरा रोडला एक उद्योग सुरू केला: दर रविवारी प्लंबर बरोबर घ्यायचा, लोकांची दारे वाजवायची, आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. विनोदी चित्रे काढणाऱ्याला हे सुचावे, याचे मला नवल वाटत नाही. गळक्या नळाखाली बसून कर्तव्यावर चर्चा करणाऱ्या माणसाइतके हास्यचित्राला योग्य दुसरे काय असणार?

इंग्रजांचे या बाबतीत मला कौतुक वाटते. राणी एलिझाबेथचा धर्मपुत्र सर जॉन हॅरिंग्टन याने १५९६ मध्ये आपल्या फ्लशच्या संडासाचे वर्णन छापले, त्यातही व्हॉल्व होता. पुढे त्यांनी ओळखले की तळाला भोक ठेवून त्यावर रबर दाबून बसवले, की ते आज ना उद्या गळणारच. म्हणून त्यांनी टाकीला सायफन सक्तीचा केला, आणि व्हॉल्वला पुन्हा परवानगी मिळायला २००१ साल उजाडले. आपल्याकडच्या चाळींतल्या, साखळी ओढायच्या जुन्या बिडाच्या टाक्यांतही सायफनच असे. त्यात पाणी आधी वर उचलावे लागते, तेव्हाच ते खाली जाते. साखळी ओढली नाही, तर काही होत नाही. सायफन बिघडला तर फ्लश होत नाही. व्हॉल्व बिघडला तर थांबत नाही.

माणसांचेही असेच दोन प्रकार असावेत. काहींचा चांगुलपणा सायफनचा; वाईट वागायलाच त्यांना कष्ट पडतात. आपण बहुतेक सगळे व्हॉल्वचे. दाब आहे तोवर बसलेले, आणि वाळूचा एक कण मध्ये आला की झिरपायला मोकळे. अशांनी स्वतःला सायफन समजू नये. अधूनमधून झाकण उघडून बघावे.

मी प्लंबर बोलावला. त्याने व्हॉल्व फिरवून बाहेर काढला, वायसरखालचा सिमेंटचा खडा नखाने उडवला, वायसर पालथे करून बसवले, आणि सात मिनिटांचे दोनशे रुपये घेतले. पावती मी बिल्डरला पत्रासोबत पाठवली आहे. तीस दिवसांची मुदत मोजतो आहे, आणि कायद्याने दिलेली पाचही वर्षे भांडायची माझी तयारी आहे. दोषाचे खाते चालू आहे. गळतीचे बंद केले.

मावशींना टाकी दुरुस्त झाल्याचे सांगितले. "बरं झालं," म्हणाल्या, आणि सवयीने जाताना कॉक बंद करून गेल्या.