धुराची सीमा

आपल्या मसाल्यातील दगडफूल हे फूल नव्हे. ते शैवाक होय. बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून ते सिद्ध होते. त्याला मुळे नसतात; पाऊस आणि हवा जे देतील त्यावरच ते जगते. म्हणून हवा बिघडली की ते लवकर मरते. पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील शैवाके हवेच्या शुद्धतेचे माप होत, असे निलांडर या शास्त्रज्ञाने १८६६ सालीच नोंदवले होते.

लंडनच्या ईशान्येस एपिंगचे अरण्य आहे. वाढत्या शहराने ते गिळू नये म्हणून १८७८ साली कायदा झाला. जमिनीचे तुकडे पाडणे थांबले. परंतु कोळशाचा धूर येतच राहिला. वृक्ष उरले, त्यांच्या खोडांवरील शैवाकांच्या कित्येक जाती मात्र नाहीशा झाल्या.

येथे अपराधी कोण? शेगडीत कोळसा घालणाऱ्या आईला मुलांना ऊब द्यायची होती. नीतिशास्त्र हेतूला महत्त्व देते, ते योग्यच आहे. पण हेतू शुद्ध असला तरी हानी टळत नाही, आणि हानी कळल्यावर अज्ञानाची सबब उरत नाही. धुराविरुद्धचा कायदा मात्र १९५६ साली झाला. १९५२ च्या विषारी धुक्यात हजारो माणसे दगावल्यानंतर!

पुढे गंधकाचा धूर ओसरला, काही जाती परतल्या. आज मोटारींच्या धुरातील नायट्रोजनचा भार नाजूक जातींवर पडत आहे. मालकी कुंपणापाशी संपते. जबाबदारी मात्र आपला धूर जाईल तेथवर जाते.