वाऱ्याला प्रमाण काय?

2002 साली आफ्रिकेतल्या मलावी देशात विल्यम काम्क्वाम्बा या चौदा वर्षांच्या मुलानं भंगारातून पवनचक्की उभी केली. दुष्काळात फी भरता आली नाही म्हणून त्याची शाळा सुटली होती. ग्रंथालयातलं एक पुस्तक, मोडकी सायकल, ट्रॅक्टरचा पंखा आणि प्लास्टिकचे पाइप एवढंच त्याचं भांडवल. गावाला तो वेडा वाटे. पाती फिरली तरी शंका राहिली. ती मिटली हातातला बल्ब पेटल्यावर.

न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल खात्रीनं कधी बोलावं? हा न्यायशास्त्राचा, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राचा, जुना प्रश्न आहे आणि त्यात उदाहरण म्हणून वाराच येतो. वायूला रूप नाही, स्पर्श आहे, असं अन्नंभट्ट ‘तर्कसंग्रहा’त सांगतो. स्पर्शावरून वायूचं अनुमान करायचं, हा त्याचा पक्ष. काही नैयायिकांच्या, म्हणजे न्यायशास्त्राच्या अभ्यासकांच्या, मते मात्र वायू त्वचेला प्रत्यक्षच कळतो. वारा आहे, याबद्दल दोघांनाही शंका नव्हती. वाद होता तो प्रमाणाचा, म्हणजे तो कशावरून कळतो याचा.

अनुमान फसतं कुठे, हेही नैयायिकांनी नेमकं दाखवलं. धूर दिसला की अग्नी आहे म्हणावं. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. लालबुंद लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. अशा नजरेआड राहिलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात.

घरी पवनचक्की बनवणाऱ्याची फसगत अगदी अशीच होते. पाती सुसाट फिरतात, मल्टिमीटर 40 व्होल्ट दाखवतो आणि त्याला वाटतं, भरपूर वीज मिळाली. पण तारांना काहीच जोडलेलं नसेल तर प्रवाह शून्य, आणि शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, तीही शून्य. जोडलेला भार ही इथली उपाधी. बॅटरी जोडताच पाती मंदावतात, व्होल्ट उतरतात आणि तेव्हाच खरी वीज वाहू लागते.

ती मोजायला मोठा खर्च लागत नाही. चक्कीची वीज रेक्टिफायरमधून एकदिश करून बॅटरीकडे न्यायची आणि वाटेत 0.01 ओहमचा, प्रवाह पेलेल असा जाड रोधक बसवायचा. काही शे रुपयांच्या मल्टिमीटरवर रोधकाच्या दोन टोकांत 50 मिलिव्होल्ट दिसले तर प्रवाह 5 अँपिअर. बॅटरीवर 12.6 व्होल्ट असतील तर 63 वॅट.

पण कोणत्या क्षणाचे? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. अर्धा दिवस वारा पडलेला आणि अर्धा दिवस सेकंदाला 8 मीटर, तर सरासरी 4 भरते; पण वाऱ्यातली ऊर्जा दिवसभर 4 मीटरनं वाहणाऱ्या वाऱ्याच्या चौपट असते. म्हणजे एका झोताचा आकडा खोटा आणि सरासरी वेगावरून काढलेलाही खोटा. त्यातच, आपल्या हातानं घडवलेल्या यंत्राबद्दल प्रत्येकाला ममता असते, आणि ती सर्वांत मोठा आकडाच लक्षात ठेवते. ज्ञानात चूक शिरते ती जाणणाऱ्याच्या दोषामुळेही, असं नैयायिक म्हणतात ते यासाठीच.

म्हणून ज्यांनी अशी चक्की उभारली असेल त्यांनी एक वही ठेवावी. वेळ, वारा, व्होल्ट, अँपिअर आणि जोडलेला भार, हे सगळं रोज ठरावीक वेळांना लिहावं. वारा पडलेला असेल त्या वेळचं शून्यही लिहावं.