चालवणारा दिसत नाही म्हणून

पालम हे नाव देशभरात पुष्कळांनी ऐकलेले आहे, पण ते दिल्लीमुळे. तिथल्या विमानतळाला १९८६ साली इंदिरा गांधींचे नाव मिळाले. त्याआधी तो पालम विमानतळच होता. आपल्या परभणी जिल्ह्यातल्या पालमला विमान गाठायचे तर आधी लोह्यामार्गे नांदेड, नाहीतर पुढे हैदराबाद.

आमच्या ओळखीच्या एका मावशींना दिल्लीत नोकरीला असलेल्या मुलाने हैदराबादहून विमानाचे तिकीट काढून दिले. म्हणजे पालमहून निघून पालमलाच उतरायचे, असे आम्ही गमतीने म्हणालो. त्या हसल्या नाहीत. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळले, आतल्या २४२ जणांपैकी एकच वाचला, आणि ती दृश्ये टीव्हीवर आठवडाभर फिरत होती. मावशी म्हणाल्या, "चालवणारा दिसत नाही. विश्वास कुणावर ठेवावा?"

अशा वेळी आपण पटकन म्हणतो, श्रद्धा ठेवा, भिऊ नका. आम्हाला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. भीती म्हणजे अश्रद्धा नव्हे. गेथशेमाने बागेत स्वतः प्रभूलाही व्याकूळ व्हावे लागले. वैमानिकांची आश्रयदात्री म्हणून पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९२० साली लोरेटोच्या मातेला घोषित केले, तेही लोकांना भीती वाटते म्हणूनच ना? उडण्याची हौसच असती तर आश्रय कशाला मागितला असता?

मावशींच्या प्रश्नात मात्र एक खरी गोष्ट दडलेली आहे. विमानात आपल्या हाती काहीच नसते. आपला जीव आपण अनोळखी माणसांच्या हाती देतो आणि पट्टा बांधून बसतो. पण हे फक्त विमानातच घडते का?

आपल्या मराठवाड्याला एक विमान अपघात विसरता येणार नाही. २६ एप्रिल १९९३. त्या वेळच्या औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, इंडियन एअरलाइन्सचे विमान मुंबईला निघाले. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडचा रस्ता जात होता, आणि त्या रस्त्यावर त्याच क्षणी कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक आला. विमान पुरेसे वर गेलेले नव्हते. ते ट्रकला धडकले, मग विजेच्या तारांना अडकून कोसळले. ११८ पैकी ५५ जण गेले. विमान उचलायला वैमानिकाने उशीर केला आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक थांबवली गेली नाही, असे दोन्ही दोष चौकशीत निघाले.

कापसाचा ट्रक! आपल्या भागात दिवाळीनंतर असे ट्रक रोज दिसतात. विमानात बसलेल्यांपैकी कुणी वादळाला भ्याले असेल, कुणी इंजिनाच्या आवाजाला. कापसाला कोण भिणार? आणि ट्रक चालवणाऱ्यालाही आपल्या हाती शंभरावर माणसांचा जीव आहे हे कुठून कळावे?

आम्हाला वाटते, आपल्या भीतीत एक लबाडी आहे. जिथे आपण प्रवासी असतो तिथे आपण भितो. जिथे दुसऱ्याचा जीव आपल्या हाती असतो तिथे मात्र आपण निर्धास्त असतो. काळीपिवळीत चौदा माणसे कोंबणारा, ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मोळीवर लेकरे बसवणारा, मोटारसायकलवर बायको आणि दोन मुले घेऊन उलट्या बाजूने जाणारा, यांपैकी कुणाचे हात थरथरत नाहीत. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसे गेली. त्यांची दृश्ये आठवडाभर कुणी दाखवली नाहीत.

विमानाच्या जगात एक रीत आहे, ती आपण उसनी घ्यावी अशी. १९४४ च्या शिकागो करारातून पुढे जे नियम आले त्यांत अपघाताची चौकशी दोष लावण्यासाठी नव्हे, तर पुन्हा तसे घडू नये म्हणून करायची असे ठरले आहे. एका देशातली चूक दुसऱ्या देशातला वैमानिक वाचतो. आपल्याकडे रस्त्यावर माणूस गेला की पंचनामा होतो, तेराव्याला जेवण होते, आणि तेच वळण तसेच राहते. "त्याची वेळ आली होती" असे आपणही म्हणतो, ख्रिस्ती असूनही म्हणतो. देवाच्या नावावर आपली हयगय खपवणे आम्हाला तरी पटत नाही.

मावशी गेल्या आणि आल्या. ढगांत विमान हलले तेव्हा हातातली जपमाळ दोनदा निसटली, असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. परतताना त्या हैदराबादहून रेल्वेने नांदेडला उतरल्या आणि तिथून जीपने निघाल्या. चालक एका हाताने स्टिअरिंग धरून फोनवर बोलत होता. मावशींनी त्याला फोन ठेवायला सांगितले. तो म्हणाला, "मावशी, इमानातून आलात अन् माझ्या जीपीला भेता व्हय?"

मावशी म्हणाल्या, "लेकरा, तिथं चालवणारा दिसत नव्हता म्हणून भीती वाटली. तू समोर दिसायलास, म्हणून वाटायली."

लोहा येईपर्यंत फोन खिशात राहिला, असे त्या सांगतात.