साखर किती? आणि जगणे कसे?



दर वर्षी १४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिन पाळला जातो. इन्शुलिनचा शोध लावणाऱ्यांपैकी एक, कॅनडाचे डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांचा हा जन्मदिवस. १९२१ साली टोरोंटो येथे हा शोध लागला. त्यापूर्वी लहान मुलाला मधुमेह झाला की आईबापांच्या हाती फारसे काही उरत नसे. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचण्यात आले. मरणाच्या दारातून परतलेला तो मुलगा पुढे आणखी १३ वर्षे जगला. देवाने माणसाला दिलेल्या बुद्धीचे हे केवढे मोठे फळ!

आज गोळ्या आहेत, इन्शुलिन आहे, बोटाला टोचून घरीच साखर तपासण्याचे यंत्र आहे. मधुमेह झालेला माणूस ३०-४० वर्षेही जगतो. औषधाने आयुष्याला वर्षे मिळाली. पण त्या वर्षांमध्ये जगणे किती उरले, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेहींची संख्या १० कोटींवर आहे. गोव्यात तर दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक जणांना हा आजार आहे. तेव्हा हा विषय आपल्या चर्चच्या प्रत्येक बाकापर्यंत पोहोचलेला आहे, असे समजायला हरकत नाही.

आपण रुग्णाला काय विचारतो? “साखर किती आली?” विचारणे चुकीचे नाही. साखर ताब्यात राहिली तर डोळे, मूत्रपिंडे आणि नसा जपल्या जातात, हे मोठमोठ्या अभ्यासांनी सिद्ध केले आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने माणसाचे जगणे कसे चालले आहे हे समजून घेण्यासाठी २६ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली आहे. तिचे चार भाग आहेत: शरीर, मन, नातीगोती आणि भोवतालची परिस्थिती. झोप नीट लागते का, रोजची कामे जमतात का, निराशा दाटून येते का, मित्रांचा आधार मिळतो का, गरजेपुरते पैसे आहेत का, असे ते प्रश्न आहेत. साखरेचा आकडा त्यांत कुठेच नाही! कारण आकडा चांगला असूनही माणूस आतून खचलेला असू शकतो.

जरा त्यांच्या दिवसात डोकावून पाहा. साखर वाढलेली असली की रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते, मग झोप कुठली? सकाळी उठल्यावरच थकवा. तळपायांची आग होते किंवा पाय बधिर होतात. इन्शुलिन घेणाऱ्याला गाडीत, बाजारात, चर्चमध्ये साखर एकदम उतरण्याची भीती असते. दर महिन्याला औषधांचा खर्च. आणि या आजाराला रविवार नाही, सणाची सुट्टी नाही. प्रत्येक घासाला हिशेब! मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत मधुमेहींमध्ये नैराश्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट असल्याचे अभ्यासांतून दिसून आले आहे. “बाबा हल्ली फार चिडचिड करतात” असे आपण म्हणतो. ती चिडचिड स्वभावाची की थकलेल्या मनाची, हे कोणी पाहिले?

संत योहानच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात एक जन्मांध मनुष्य आहे. त्याला पाहताच शिष्यांच्या मनात काय आले? पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? तो माणूस समोर उभा आहे, ऐकतो आहे, आणि त्याच्यादेखत त्याच्या दोषाची चर्चा चालली आहे. प्रभू येशूने तो प्रश्नच बाजूला सारला. ना त्याने, ना त्याच्या आईबापांनी, असे त्याने सांगितले. मग तो खाली वाकला, माती कालवली आणि त्या डोळ्यांना हात लावला.

आपणही शिष्यांसारखेच नाही का? “गोड फार खाल्लेस, भोग आता!” हे वाक्य किती सहज तोंडून जाते! वस्तुस्थिती तशी सरळ नाही. लहानपणी होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचा गोड खाण्याशी संबंध नसतो. शरीरातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. दुसऱ्या प्रकारात आनुवंशिकता, वय, वजन, बैठे काम अशी अनेक कारणे गुंतलेली असतात. सवयी सुधाराव्यात, जरूर सुधाराव्यात. पण दोष दिल्याने कोणाची साखर उतरल्याचे ऐकिवात नाही. दोष दिल्याने माणूस फक्त लपवू लागतो. लग्नाच्या वयाची मुलगी इन्शुलिनची सुई लपवते. सासरी कळेल म्हणून इंजेक्शन चुकवते. बंधुभगिनींनो, हे लपवणे जिवावर बेतू शकते. आपल्या घरांतील कुजबुजीमुळे एखादी लेक औषध टाळत असेल, तर तो दोष कोणाचा?

याईरच्या मुलीची गोष्ट आठवा. प्रभूने त्या बारा वर्षांच्या मुलीला मरणातून उठवले आणि लगेच काय सांगितले? हिला काहीतरी खायला द्या! एवढा मोठा चमत्कार केल्यावरही त्याला तिच्या भुकेची आठवण होती. आपणही एवढे तरी शिकून ठेवावे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्या माणसाला घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, तो भांबावल्यासारखा बोलू लागला, तर “प्यायलेला दिसतो” म्हणून दूर सरू नका. त्याची साखर ७० च्या खाली उतरलेली असू शकते. तो शुद्धीवर असेल व त्याला गिळता येत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांनी पाहा, बरे वाटले नाही तर पुन्हा द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या.

काही भाविकांच्या मनात उपवासाविषयी घोळ असतो. सकाळची गोळी घेऊन, काही न खाता मिस्साला येतात आणि चक्कर येऊन बसतात. ख्रिस्तसभेचा नियम पाहा. पवित्र कम्युनियनपूर्वी एक तासाचा उपवास आहे. पण पाणी आणि औषध यांनी तो मोडत नाही. वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांनी त्या तासात काही खाल्ले असले तरी ते कम्युनियन घेऊ शकतात. राखेच्या बुधवारचा आणि गुड फ्रायडेचा उपवासही आजाऱ्यांवर बंधनकारक नाही. त्या दिवशी त्यांनी दानधर्म करावा, कोणाशी अबोला असेल तर तो सोडावा. देवाला आपल्या लेकरांची चक्कर नको आहे! त्याचप्रमाणे, प्रार्थना चालू आहे म्हणून कोणी औषध बंद करू नये. वैद्याचा मान राखा, त्यालाही देवानेच निर्माण केले आहे, असे ज्ञानी बेन सिराने आपल्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात शिकवले आहे. प्रार्थना आणि गोळी यांचे भांडण नाही.

आता घरच्या मंडळींसाठी दोन शब्द. काही घरांत मधुमेही माणसावर पोलिसी पहारा असतो. नाताळच्या दिवशी पाहुण्यांसमोर आजीच्या हातातून करंजी काढून घेतली जाते. काळजी खरी असते, पण आजीचा मान जातो. याउलट काही घरांत सगळ्यांचेच ताट बदलते. भाजी वाढते, भात कमी होतो, सूनबाई सासऱ्यांबरोबर संध्याकाळी चालायला निघते. तिथे पथ्य ही शिक्षा राहत नाही, ती घराची रीत होते. गोड किती चालेल हे डॉक्टरांना विचारून ठरवावे, चारचौघांत नव्हे.

पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी होतो. आपण किती भक्तिभावाने पाहतो! मधुमेहात पायांची संवेदना जाते, खडा टोचला तरी कळत नाही, आणि लहानशी जखम चिघळून पाय गमावण्याची वेळ येते. आजोबांना वाकून स्वतःचे तळपाय पाहता येत नाहीत. मग घरातील एखाद्या नातवाने रोज रात्री त्यांचे पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, कुठे चीर किंवा फोड नाही ना हे पाहिले, तर तो पवित्र गुरुवारच नव्हे काय? त्या पाच मिनिटांत पायाबरोबर मनाचीही विचारपूस होते. “आजोबा, आज कसे वाटले?” या प्रश्नाने जे साधते, ते नुसत्या आकड्याने साधत नाही.

आणि माझ्या मधुमेही बंधुभगिनींनो, साखर वाढली म्हणजे तुम्ही नापास झालात असे समजू नका. संत पौलाच्या शरीरातही एक काटा होता. त्याने तीनदा विनवणी केली, तरी तो निघाला नाही. पण त्या काट्यासह जगण्याची आणि काम करण्याची कृपा त्याला मिळाली. मदत मागायला लाजू नका. कफर्णहूमचा पक्षाघाती एकटा प्रभूपर्यंत पोहोचला नव्हता. चौघांनी त्याला उचलून आणले, छप्पर उघडले, आणि प्रभूने त्या सर्वांचा विश्वास पाहिला. आपल्या धर्मग्रामात अशा चौघांची वाण पडू नये. कोणी दवाखान्यात सोबत जावे, कोणी गरिबाच्या औषधाला हातभार लावावा, कोणी नुसते शेजारी बसावे.

या आठवड्यात एका मधुमेही माणसाला भेटा. साखर विचारण्याआधी त्याला विचारा, “झोप लागते का? मन कसे आहे?” आणि उत्तर ऐकायला थांबा.

हे प्रभू, आजाऱ्यांना धीर दे, त्यांची सेवा करणाऱ्यांना माया दे, आणि आमच्या जिभेला दोष देण्याऐवजी सांत्वन करायला शिकव. आमेन.