मोजणीबाहेरची जागा

मुंबईसारख्या दमट हवेच्या शहरात माणसाला भिंतीपेक्षा सावलीची आणि सावलीपेक्षा वाऱ्याची गरज अधिक असते, हे ज्या वास्तुविशारदाला उमगले त्याच्या हातून सभागृह, देवालय आणि गरिबाचे बिऱ्हाड या तिन्ही वास्तू एकाच न्यायाने घडतात. ज्याला उमगले नाही तो पहिल्या दोहोंना वैभव देतो आणि तिसऱ्याला चटईक्षेत्र. १८३३ साली पुऱ्या झालेल्या टाऊन हॉलचे स्तंभ पाहायला फारसे कोणी जात नाही, पण त्याच्या पायऱ्यांवर, ज्यांना सारे शहर एशियाटिकच्या पायऱ्या म्हणते, संध्याकाळी बसायला जागा मिळणे कठीण. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी सत्तरच्या दशकात दादरचे पोर्तुगीज चर्च नव्याने उभारताना एकच भव्य मंडप न योजता छताखालच्या व उघड्या जागा एकमेकींत गुंफल्या, आणि तापलेली हवा वर चढून निघून जावी म्हणून छताला काँक्रीटच्या शंकूसारख्या कवचांचा आकार दिला.

याच शहरात १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे कामगारांसाठी चाळी बांधल्या, तेव्हा सरकारी काटकसरीचा पहिला बळी ठरली ती गॅलरी. गिरगावातल्या चाळीत खोल्यांपुढून गॅलरी जाते. बीडीडीच्या तळमजला धरून चार मजल्यांच्या इमारतीत मात्र मधोमध बोळ आणि त्याच्या दुतर्फा १६० चौरस फुटांच्या खोल्या, मजल्यागणिक वीस. दोन ओळींना एकच बोळ पुरतो, हा हिशेब दप्तरी बिनचूक होता. त्या बोळात समोरच्या घरच्या फोडणीचा धूर रेंगाळतो, ही बाब लिहायला मात्र रकाना नव्हता.

कोरिया यांनीच ऐंशीच्या दशकात नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी बेलापूरला आखलेली वसाहत या हिशेबाला दिलेले उत्तर आहे. सुमारे आठ मीटर औरसचौरस चौकाभोवती सात घरे, आणि अशा तीन पुंजक्यांच्या मध्ये आणखी एक मोठा चौक. भूखंड लहानच, ४५ ते ७५ चौरस मीटरच्या आसपास. तरी घराघरांत समाईक भिंत नाही, संडास तेवढे पाठीला पाठ लावून, कारण नळाचा खर्च दोघांत वाटला जातो. शेजाऱ्याच्या बाजूच्या भिंतीला खिडकी नाही, म्हणून उद्या त्याने मजला चढवला तरी आपला उजेड अडत नाही. पुढे अनेकांनी मूळची उतरत्या छपरांची घरे पाडून दुमजली-तिमजली बांधली, हा आराखड्याचा पराभव असे काही जाणकार म्हणतात. मला ते पटत नाही, कारण घर ऐपतीप्रमाणे वाढावे हे तिथे प्रथमपासूनच गृहीत होते.

चाळीच्या आठवणीने गहिवरणारे लेखक बहुधा सामाईक संडासापुढच्या रांगेत उभे राहिलेले नसतात. बीडीडीच्या रहिवाशाला पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर आणि स्वतःचा संडास हवा, यात गैर ते काय? पण पुनर्विकास नुसत्या क्षेत्रफळावर थांबला की काय होते, ते झोपडपट्टी पुनर्वसनात दिसते. तिथल्या नियमांत घराच्या क्षेत्राची हमी आहे, आणि दोन इमारतींमधील अंतराच्या बाबतीत मात्र सवलत आहे. म्हणजे जे मोजता येते ते दिले आणि खालच्या मजल्याचे ऊन काढून घेतले. बिल्डरला विक्रीसाठी मिळणारे बांधकाम पुनर्वसनाच्या बांधकामाशी जोडलेले आहे. ते जोवर वाऱ्याच्या वाटेशी आणि मजल्यावरच्या उघड्या जागेशीही जोडले जात नाही, तोवर नकाशा काढणारा आणि त्याला मंजुरी देणारा, दोघेही नियमाबरहुकूम वागतील आणि खोल्या अंधाऱ्याच होतील.